प्रवाळभित्तींवरील स्कूबा डायव्हिंग

हवेची टाकी पाठीवर बांधून पाण्याखाली संचार करण्यास स्कूबा डायव्हिंग म्हणतात. उष्ण कटिबंधातील बेटांभोवतीच्या प्रवाळभित्ती हे त्याचे सर्वांत लोकप्रिय क्षेत्र होय.

टाकीत प्राणवायू असतो असा सार्वत्रिक समज आहे; प्रत्यक्षात तिच्यात दाबाखाली भरलेली साधी हवा असते. श्वासाच्या मागणीनुसार हवा सोडणारा रेग्युलेटर झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी फ्रान्समध्ये १९४३ साली तयार केला. दर १० मीटर खोलीला दाब एका वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका, वाढतो. त्यामुळे १० मीटरवर छातीभर घेतलेली हवा श्वास रोखून वर आल्यास फुगून दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. श्वास कधीही रोखू नये हा म्हणूनच पहिला धडा. प्राणायामातील कुंभकाची सवय असलेल्यास तो काहीसा उलटा वाटतो. उतरताना दर मीटर-दोन मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकावे लागते, तेव्हा कानात बारीक ‘टक्’ होऊन दडा सुटतो.

भित्ती बांधणारे प्रवाळ हे सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहती होत. सराफाकडील तांबडे पोवळे मात्र वेगळ्याच जातीचे असून ते भित्ती बांधत नाही. भित्तीच्या प्रवाळांच्या ऊतींत राहणारी शैवाले त्यांना अन्न व रंग देतात. शैवालांना सूर्यप्रकाश हवा असल्याने भित्तीचा समृद्ध भाग उथळ पाण्यातच असतो, आणि प्राथमिक प्रशिक्षणातील १८ मीटरची मर्यादा पर्यटकास सहसा पुरते. पाणी फार तापले की शैवाले निघून जातात व प्रवाळ पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली हे मोठ्या प्रमाणावर घडले.

बडोद्याच्या वाचकास हा विषय वाटतो तितका परका नाही. द्वारका-ओखा परिसराचे ओखामंडळ पूर्वी बडोदे संस्थानात होते. तेथील सागरी जीवांचे सर्वेक्षण सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत जेम्स हॉर्नेल यांनी केले आणि बडोदे सरकारला सादर केलेला त्यांचा अहवाल १९०९ व १९१६ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. ओखामंडळाला लागून असलेल्या कच्छच्या आखातात १९८२ साली सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. गढूळ पाण्यामुळे येथे फांद्यांच्या प्रवाळांपेक्षा मेंदूच्या वळ्यांसारखे दिसणारे गोलसर प्रवाळ अधिक आढळतात. पाण्याखाली दूरचे दिसत नाही. पण ओहोटी एवढी मोठी असते की पिरोटन बेटाची भित्ती उघडी पडते आणि घोटाभर पाण्यातून चालत ती पाहता येते. ती पाहताना पाय प्रवाळावर न ठेवता वाळूवरच ठेवावा, कारण भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

नितळ पाण्यात बुडी मारण्यासाठी अंदमान वा लक्षद्वीप गाठावे लागते. अनेक दिवस बुड्या मारल्यानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जावे लागतात, नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका असतो; त्यामुळे बडोद्यास परतण्याच्या आदल्या दिवशी दुपारनंतर पाण्यात उतरता येत नाही.