दोन्ही ‘एरर’च, पण जात वेगळी

उबुंटू २४.०४ या लिनक्सवर निमूट बिल्ड होणारा (म्हणजे कोडचा चालता प्रोग्राम बनणारा) जुना सी प्रोजेक्ट डेबियन १३ वर नेला आणि फुटला. कोडची एक ओळही बदललेली नाही. पहिल्यावर जीसीसी हा कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा) १३ आवृत्तीचा होता, दुसऱ्यावर १४, एवढंच. मग आपण लाल ‘एरर’ बघतो, मेकफाइलमधून (बिल्डच्या सूचनांची फाइल) ‘डब्ल्यू-एरर’ हा फ्लॅग (वॉर्निंगलाही एरर समज, असं सांगणारा) उडवतो आणि परत मेक मारतो. कधी भागतं, कधी तीच ओळ जशीच्या तशी पुन्हा समोर.

खूण त्या ओळीच्या शेवटी, चौकोनी कंसात असते. तिथे ‘डब्ल्यू-एरर’, बरोबरचं चिन्ह आणि मग वॉर्निंगचं नाव दिसलं, तर ती मुळात वॉर्निंगच. तिला एरर समजायचं हे प्रोजेक्टवाल्यांनीच सांगून ठेवलेलं. कंसात नुसता ‘डब्ल्यू’ आणि नाव, तरी ओळ ‘एरर’ म्हणतेय? मग तो निर्णय खुद्द कंपायलरचा. तुमचा फ्लॅग काढून काही होणार नाही.

पहिल्या प्रकारात फार जीव अडकवू नये. जीसीसीची नवी आवृत्ती नव्या वॉर्निंग आणतेच; ८ मध्ये एसटीआरएन-कॉपी या स्ट्रिंगची प्रत करणाऱ्या फंक्शनच्या वापरावर ‘स्ट्रिंगऑप-ट्रंकेशन’ आली आणि ‘वॉल’ (नेहमीच्या वॉर्निंग चालू करणारा फ्लॅग) आणि ‘डब्ल्यू-एरर’ दोन्ही लावलेले कितीतरी प्रोजेक्ट अडले. वॉर्निंग वाचा, फोल असेल तर तेवढीच एक एररच्या यादीतून वगळा. डब्ल्यू-एरर डेव्हलपरच्या सीआयवर (प्रत्येक बदल आपोआप तपासणारी यंत्रणा) शोभतो. लोकांना द्यायच्या टारबॉलमध्ये (कोडच्या गठ्ठ्यात) तो कशाला, हे मला आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्याचं उदाहरण: ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन’. हेडर (फंक्शन जाहीर करणारी फाइल) न घेता फंक्शन वापरायची ही सवलत सी भाषेने १९९९ च्या मानकातच काढली. कंपायलर मात्र पंचवीस वर्षं नुसते कुरकुरत राहिले. क्लँग या दुसऱ्या कंपायलरच्या १६ ने २०२३ मध्ये आणि जीसीसी १४ ने २०२४ मध्ये दार लावलं.

आणि ते बरंच झालं. समजा मेकफाइलमध्ये मानक ‘सी९९’ दिलंय आणि कोडमध्ये ‘एसटीआर-डप’ (स्ट्रिंगची प्रत करून तिचा पत्ता देणारं फंक्शन) आहे. स्ट्रिंग.एच घेतलेलं असूनही त्या काटेकोर मानकात ते फंक्शन जाहीर होत नाही, कारण ते पॉसिक्स या वेगळ्या, युनिक्सच्या मानकाचं. जुना कंपायलर गृहीत धरायचा की ते इंट, म्हणजे ३२ बिटांचा पूर्णांक, परत करतं. ६४ बिटांच्या पत्त्यातले खालचे ३२ बिटच हाती यायचे आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी सेगफॉल्ट खायचा, म्हणजे कोसळायचा. इलाज: ‘सी९९’ऐवजी ‘ग्नू९९’ (तेच मानक, पण कमी काटेकोर) द्या. ‘एफ-परमिसिव्ह’ फ्लॅगने एरर पुन्हा वॉर्निंग होते खरी, पण कापलेला पत्ता कापलेलाच राहतो.

याच जातीचा एक छुपा भाऊ आहे, त्याने माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली. बिल्डच्या आधी चालणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट मशीनवर कोणत्या सुविधा आहेत हे छोटे चाचणी-प्रोग्राम कंपाइल करून बघते. जुन्या स्क्रिप्टांत ‘मेन’च्या आधी इंट लिहिलेलंच नसतं. आता तीच चाचणी कंपाइल होत नाही, आणि स्क्रिप्ट शांतपणे ‘नो’ छापून पुढे जाते. बिल्ड हिरवं, पण सुविधा गायब. म्हणून कंपायलर बदलला की मी दोन्ही कंपायलरनी बनलेल्या कॉन्फिग.एच फाइलींचा (यात चाचण्यांचे निकाल असतात) डिफ, म्हणजे फरक, काढतो, आणि जिथे ओळ वेगळी दिसेल तिथे कॉन्फिग.लॉग ही स्क्रिप्टची नोंदवही उघडून त्या चाचणीखालची एरर वाचतो.