रस्त्यावरचे अनोळखी चेहरे: टिपलेले आणि विचारून काढलेले

आषाढी वारीची जी छायाचित्रे दरवर्षी समाजमाध्यमांवर फिरतात, त्यांत दोन वेगळ्या जातींची छायाचित्रे एकाच नावाखाली मांडलेली आढळतात. एकात दिवेघाटाच्या वळणावर, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एखादी बाई गर्दीबरोबर आपल्याच तंद्रीत चाललेली दिसते. दुसऱ्यात तशीच एखादी बाई विसाव्याच्या ठिकाणी बसून थेट कॅमेऱ्याकडे पाहत असते. दोन्ही रस्त्यावरची आणि दोन्ही अनोळखी व्यक्तींची असल्यामुळे दोन्हींना सर्रास ‘स्ट्रीट पोर्ट्रेट’ म्हटले जाते. प्रत्यक्षात पहिले कँडिड, म्हणजे समोरच्याला न सांगता सहजपणे टिपलेले, छायाचित्र आहे आणि दुसरे पोर्ट्रेट, आणि ही दोन्ही कामे करताना छायाचित्रकाराला उभे राहण्याच्या जागेपासून छायाचित्राखालच्या ओळीपर्यंत जवळजवळ प्रत्येक गोष्ट वेगळी करावी लागते.

हा फरक चेहरा चौकटीत किती मोठा आहे यावर ठरत नाही, आणि नजर कॅमेऱ्याकडे आहे की नाही यावरही ठरत नाही. गर्दीत चालणाऱ्या माणसाने क्षणभर आपल्याकडे पाहिले आणि नेमके तेव्हाच बटण दाबले गेले, तर तेवढ्याने ते पोर्ट्रेट होत नाही. पोर्ट्रेटमध्ये समोरच्या व्यक्तीला आपले छायाचित्र निघत असल्याचे ठाऊक असते, तिने ते काढू दिलेले असते, आणि त्या मिनिटभरात तीही त्या कामात भाग घेते: पदर सारखा करते, टोपी नीट बसवते, हसायचे की नाही हे स्वतः ठरवते. कँडिडमध्ये हे सारे निर्णय एकट्या छायाचित्रकाराचे असतात. रस्त्यापलीकडून २०० मिलिमीटरची, म्हणजे दूरचे जवळ आणणारी, लेन्स रोखून एखाद्याचा चेहरा भरून घेणे हा प्रकार मला या दोहोंपेक्षा कमी वाटतो. त्यात पोर्ट्रेटचा चेहरा हवा असतो, पण त्यासाठीचे बोलणे टाळलेले असते, आणि जवळून काढलेल्या कँडिडमध्ये असणारा भोवतालही हरवलेला असतो.

भोवताल हा कँडिडचा प्राण आहे. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकत असत आणि बहुतांश काम ५० मिलिमीटरच्या लेन्सवर करत; माणसांनी आपल्याला पाहून वागणे बदलू नये एवढाच त्यामागचा हेतू होता. भारतीय छायाचित्रकार रघू राय यांच्या १९९५ च्या चर्चगेट स्थानकावरील छायाचित्रात वर्तमानपत्र वाचणारी माणसे स्थिर आहेत आणि मंद शटरमुळे बाकीची गर्दी पुसट होऊन वाहत गेली आहे. त्यातील कोणाचेही नाव कळले नाही म्हणून काही बिघडत नाही, कारण ते छायाचित्र मुंबईच्या धावपळीचे आहे, त्या वाचकांपैकी कोणा एकाचे नव्हे.

व्याख्येला अडचणीत आणणारी उदाहरणेही आहेत, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा लपवून समोरच्या प्रवाशांचे चेहरे टिपले आणि पुस्तकरूपाने ते १९६६ मध्येच प्रसिद्ध केले. अमेरिकेचेच फिलिप-लॉर्का डीकॉर्सिया यांनी १९९९ ते २००१ दरम्यान न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर चौकात वर फ्लॅश बांधून ठेवले आणि त्या प्रकाशाखालून जाणाऱ्यांचे चेहरे दुरून टिपले. चौकट, प्रकाश आणि चेहऱ्याचे वजन पाहता ही दोन्ही कामे पोर्ट्रेटसारखी दिसतात, आणि कलासमीक्षक त्यांना तसे म्हणतातही. मी त्यांना कँडिडच मानतो, कारण त्या चेहऱ्यांवर जे उमटले आहे ते कोणी पाहत नसतानाचे आहे, आणि त्या चित्रांची सारी ताकदही तिथेच आहे.

तंत्राच्या बाबतीत दोन्ही वाटा लगेच फुटतात. कँडिडसाठी २८ किंवा ३५ मिलिमीटरची, म्हणजे रुंद दृश्य घेणारी, लेन्स सोयीची असते आणि फोकस आधीच ठरवून ठेवला जातो: फुल-फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर (एफचा आकडा जितका मोठा, तितके लेन्सचे छिद्र लहान आणि स्पष्टतेची पट्टी रुंद) अडीच मीटरला लावली, तर साधारण पावणेदोन मीटरपासून पावणेपाच मीटरपर्यंतचे सारे स्पष्ट येते, त्यामुळे कॅमेरा डोळ्याला लावून जुळवाजुळव करण्यात क्षण निसटत नाही. पोर्ट्रेटमध्ये घाई नसते, पण चुकीला जागाही नसते. ८५ मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/२ ठेवून दोन मीटरवरच्या चेहऱ्याचे छायाचित्र घेतल्यास स्पष्टतेची पट्टी जेमतेम सहा-सात सेंटिमीटरची असते, म्हणून फोकस जवळच्या डोळ्यावरच हवा. दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या खाचा पडतात. अशा वेळी त्या व्यक्तीला दुकानाच्या छपराखाली, पण उजेडाकडे तोंड करून दोन पावले सरकायला सांगता येते. ही विनंती करता येणे हाच पोर्ट्रेटचा मोठा फायदा आहे.

विचारण्याचे मात्र अनेकांना भय वाटते. वारीत ते सर्वांत सोपे असते, कारण तेथे प्रत्येक जण प्रत्येकाला ‘माउली’ म्हणतो आणि ‘माउली, तुमचा एक फोटो काढू का?’ यापलीकडे प्रस्तावनेची गरज पडत नाही. मंडईत ‘मावशी’ किंवा ‘काका’ अशी हाक पुरते, पण गिऱ्हाईक समोर असताना विचारू नये. होकार मिळताच माणूस ताठ होतो आणि शाळेच्या ओळखपत्रावरचा चेहरा करतो. तो पहिला फोटो काढून घ्यावा, कॅमेरा खाली करून गाव कोणते, दिंडी कोणती असे काही विचारावे, आणि उत्तर देताना चेहरा सैल झाला की पुन्हा कॅमेरा उचलावा. नकार आला तर कारण विचारू नये.

कायद्याचे म्हणाल, तर सार्वजनिक रस्त्यावर कोणाचे छायाचित्र काढण्यास सरसकट मनाई करणारा कायदा भारतात नाही. मात्र खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. परदेशी राहणाऱ्या मराठी छायाचित्रकारांनी अधिक सावध असावे, कारण जर्मनीत १९०७ च्या कायद्यानुसार व्यक्तीचे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास काही अपवाद वगळता तिची संमती लागते. शिवाय काढण्याची संमती म्हणजे वाटेल तसे वापरण्याची संमती नव्हे. जाहिरातीसाठी वेगळी लेखी परवानगी घ्यावी.

अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे एका स्थलांतरित मजूर आईची छायाचित्रे तिच्या जवळ जात जात घेतली, पण तिचे नाव विचारले नाही. त्यातले एक छायाचित्र जगभर १९३० च्या दशकातील आर्थिक महामंदीचे प्रतीक झाले, आणि ती बाई कोण हे लोकांना १९७८ मध्ये कळले, तेव्हा तिने त्याबद्दलची नाराजी उघड बोलून दाखवली. पोर्ट्रेट काढताना नाव विचारण्याची, आणि शक्य तर छायाचित्र त्या व्यक्तीपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी म्हणूनच येते. कँडिडमध्ये नाव ठाऊक नसते, तेव्हा जबाबदारी वेगळी असते: जे दिसले त्यापलीकडे छायाचित्राखाली काही लिहू नये. वारीत थकून झाडाखाली बसलेल्या वृद्धेच्या छायाचित्राखाली दारिद्र्याची कहाणी रचणारे दरवर्षी भेटतात. ती बाई दहा एकर बागायतीची मालकीणही असू शकते.