बिंगहॅम्टनचा गोली आणि पाचशे फटके

फेब्रुवारी 2015. कॅनडातल्या ऑटावा सेनेटर्स संघाचा एक गोलकीपर, म्हणजे गोली, आधीच जायबंदी होता. 16 तारखेला दुसरा आपल्याच संघातल्या खेळाडूवर आदळला आणि त्याच्या डोक्याला मार बसला. उरला अँड्र्यू हॅमंड. वय 27, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कुणीच न निवडलेला, बिंगहॅम्टनच्या ‘फार्म’ संघातून, म्हणजे क्लबच्या खालच्या लीगमधल्या संघातून, वर आणलेला. (हॉकी म्हणजे इथे बर्फावरची, आपली ध्यानचंदांची नव्हे.) बिंगहॅम्टनमध्ये त्या हंगामात त्याच्या नावावर 7 विजय आणि 13 पराभव होते, आणि त्याने अडवलेले फटके होते दर हजारी 898. गोलीच्या प्रगतिपुस्तकात हे जेमतेम पासाचे गुण, तेही खालच्या इयत्तेतले.

मग हा माणूस एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या हॉकी लीगमध्ये, 20 सामने जिंकला. ठरलेल्या वेळेत फक्त एक हरला, बरोबरीनंतरच्या निर्णयात दोन. दर हजारी 941 फटके अडवले. प्ले-ऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीच्या, जागेपासून 14 गुण मागे पडलेला संघ प्ले-ऑफमध्ये गेला. हॅमंडचं टोपणनाव ‘हॅम्बर्गलर’ (मॅकडोनाल्ड्सच्या जाहिरातींतला बर्गरचोर), म्हणून प्रेक्षक जिंकल्यावर बर्फावर हॅम्बर्गर फेकायचे, आणि एका सहकाऱ्याने त्यातला एक उचलून खाल्लाही.

आता प्रश्न असा, की फार्म संघाचे आकडे बघून हॅमंडला कुणी वर आणलं असतं का? मुळीच नाही. मग ते आकडे खोटे होते का? तेही नाही. अमेरिकन हॉकी लीग ही एनएचएलच्या खालची पायरी. तिथल्या कुणाला वर बोलवावं यावरचे वाद ऐकले की आपल्याकडचे ‘रणजीत एवढ्या धावा करतोय, आणखी काय करायचं त्याने?’ हे वाद आठवतात. या वादांत दोन्ही बाजू आकडे फेकतात आणि आकडा किती डळमळीत आहे हे मात्र कुणी विचारत नाही.

गणित करून बघू. समजा एखाद्या गोलीची खरी कुवत दर शंभरी 91 फटके अडवण्याची आहे. त्याच्यावर 500 फटके आले तर सरासरीने तो 455 अडवेल. पण नाणं शंभरदा उडवलं की बरोबर पन्नास छापे पडत नाहीत, तसंच इथेही. या 455 भोवतीचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडा सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होतो त्याचं माप, येतं साधारण 6.4. दोन्ही बाजूंना याच्या दुप्पट अंतर धरू. म्हणजे त्याच कुवतीचा, त्याच तब्येतीचा माणूस निव्वळ योगायोगाने 442 ते 468 यांत कुठेही सापडू शकतो. दर हजारी सांगायचं तर 884 ते 936. यातलं खालचं टोक पाहून प्रशिक्षक म्हणेल ‘घरी जा’, वरचं पाहून म्हणेल ‘वर जा’. माणूस तोच! आणि 500 फटके म्हणजे थोडेथोडके नव्हेत, गोलीचे वीसेक सामने होतात.

हॅमंडचे 898 या पट्ट्यात आरामात बसतात. 941 मात्र जरा बाहेर जातात, तेव्हा ती सगळी नशिबाची कृपा म्हणणं त्याच्यावर अन्याय होईल. पण त्या वेळी खालच्या लीगमध्ये 30 संघ होते, प्रत्येकाचे निदान दोन गोली. दर हंगामात साठेक जण रांगेत उभे असले, तर कधी ना कधी एकाचे फासे सलग चांगले पडणारच, आणि आपल्या लक्षात तोच राहतो. मे महिन्यात क्लबने हॅमंडशी 3 वर्षांचा 40.5 लाख डॉलर्सचा करार केला. पुढच्या हंगामात तो 914 वर आला. ही घसरण नव्हती. 941 वरून सरासरीकडे परतणं होतं.

याहून छोटा नमुना हवा असेल तर डेव्हिड एअर्स. 22 फेब्रुवारी 2020 रोजी टोरंटोत पाहुण्या कॅरोलायना संघाचे दोन्ही गोली दुखावले, तेव्हा यजमानांच्या यादीतला हा 42 वर्षांचा राखीव गोली पाहुण्यांसाठी उतरला. पहिले दोन फटके थेट जाळ्यात, पुढचे आठही अडवले. सामना कॅरोलायनाने 6-3 असा जिंकला, त्यामुळे त्याच्या खात्यावर विजयाचं प्रमाण शंभर टक्के आहे.

गोल मारणाऱ्यांचं दुखणं वेगळं. खेळाडूला स्वतःच्या गोलसाठी किंवा दुसऱ्याच्या गोलला केलेल्या मदतीसाठी एक गुण मिळतो. खालच्या लीगमधला एक गुण वरच्या लीगमध्ये किती गुणांचा, याचं विनिमय-दरासारखं गणित गॅब्रिएल देझार्दँ यांनी 2004 च्या सुमारास मांडलं. हा दर ढोबळपणे 0.45 धरतात. खाली दर सामन्याला एक गुण मिळवणारा खेळाडू वर 82 सामन्यांत 37 च्या आसपास थांबेल, असा त्याचा अर्थ. कल्पना फार सुरेख, पण एक मेख आहे. दर काढला तो वर गेलेल्यांच्याच आकड्यांवरून. ज्यांना कुणी बोलावलंच नाही ते हिशेबात नाहीत, आणि बोलावलेल्यांत प्रशिक्षकाला आकड्यांपलीकडचं काहीतरी दिसलेलं असतं.

शिवाय खाली जो पहिल्या फळीत खेळतो, प्रतिस्पर्ध्याचा माणूस शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना हमखास बर्फावर असतो, त्याला वर चौथ्या फळीत सात-आठ मिनिटं मिळतात. त्या मिनिटांत तो काय दिवे लावणार? दहा सामन्यांनी शेरा येतो, ‘वरच्या दर्जाचा नाही’. वयाचंही तसंच. वीस वर्षांच्या पोराचे 40 गुण मला सत्ताविशीतल्या गड्याच्या 60 गुणांहून मोलाचे वाटतात, कारण पोराची चढण अजून बाकी आहे. पण हातघाईच्या वादात साठ हा आकडा मोठा दिसतो.

सगळं नशिबावर सोडावं असंही नाही. जॉर्डन बिनिंग्टन या गोलीला एनएचएलमधल्या सेंट लुईस क्लबने 2011 च्या ड्राफ्टमध्ये 88 व्या क्रमांकावर निवडलं आणि वर्षानुवर्षं खालीच ठेवलं. 2017-18 मध्ये तर त्याला बोस्टनच्या फार्म संघाला उसना दिला. पुढच्या हंगामात त्याने सॅन अँटोनियोच्या फार्म संघात दर हजारी 927 अडवले, आणि 3 जानेवारी 2019 च्या सकाळी सेंट लुईस अख्ख्या लीगमध्ये तळाला होता. हरण्यासारखं काही उरलंच नव्हतं. 7 जानेवारीला त्याला फिलाडेल्फियात पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरवलं. त्याने एकही गोल होऊ दिला नाही. जूनमध्ये क्लबने आपल्या इतिहासातला पहिला स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, उचलला, तेव्हाही जाळ्यासमोर तोच होता. हंगाम सुरू झाला त्या वेळी क्लबच्या गोलींच्या रांगेत त्याचा नंबर चौथा होता.