अपक्ष म्हणून विधानसभेचा अर्ज: आधी दहा सूचक शोधा, मग जुन्या केसेस

टेकडीसाठी, नदीसाठी, झाडांसाठी दहा-पंधरा वर्षं उन्हातान्हात उभा राहिलेला कार्यकर्ता एक दिवस ठरवतो, आता निवडणुकीलाच उभं राहू. पुण्यात दर विधानसभेला असे दोन-चार जण निघतात. भाषण सगळ्यांना जमतं, कागदांपाशी गाडी अडते. मित्रांच्या अर्जांवर रात्री जागवून जे शिकलो ते इथे लिहितोय.

पात्रतेचं थोडक्यात सांगतो. भारताचं नागरिकत्व हवं, छाननीच्या दिवशी वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. म्हणजे कोथरूडचा मतदार हडपसरमधून लढू शकतो. फक्त आपल्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी लागते. शहरातल्या आठ जागांपैकी पुणे कॅन्टोन्मेंट अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, तिथे जातीचं प्रमाणपत्र लागतं. सरकारी नोकरीत असाल किंवा सरकारशी पुरवठ्याचा, बांधकामाचा करार चालू असेल, तर आधी वकिलाला भेटा.

वेळ किती मिळतो ते २०२४ च्या तारखांवरून कळेल. अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली, अर्जाची मुदत २९ ला संपली, छाननी ३० ला झाली. मधे रविवार, आणि २९ तारखेला धनत्रयोदशी! अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ एवढ्याच वेळात घेतात. तो उमेदवाराने स्वतः किंवा त्याच्या सूचकाने, म्हणजे त्याचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदाराने, हातोहात द्यायचा असतो, पोस्टाने चालत नाही. आयोगाच्या ‘सुविधा’ पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो, तरी छापील प्रत सही करून नेऊन द्यावीच लागते. त्यामुळे निवडणूक जाहीर व्हायची वाट बघत बसू नका.

अर्ज म्हणजे नामनिर्देशनपत्र, नमुना २-ब. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवारालाही दहाच. आणि हे दहाही जण तुम्ही लढताय त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत.

वाचायला सोपं आहे. पण नळस्टॉपला रोज चहाला भेटणारे दहा जण चार मतदारसंघांचे निघतात. त्यात पुण्याचं नवं दुखणं म्हणजे रिडेव्हलपमेंट. एका मित्राच्या अर्जावर नऊ सह्या पक्क्या होत्या. दहाव्या काकू आंदोलनातल्या सगळ्यात जुन्या, त्यांच्याबद्दल कुणाला शंकाच नव्हती. आदल्या रात्री सहज यादी चाळली तर त्यांचं नाव सापडेना. इमारत पाडली म्हणून त्या भाड्याच्या घरी गेल्या होत्या आणि मुलाने हौसेने त्यांचं नाव नव्या पत्त्यावर, म्हणजे पलीकडच्या मतदारसंघात, हलवलं होतं. काकू रडवेल्या झाल्या. रात्री साडेदहाला दुसऱ्याच्या दारावर थाप मारावी लागली.

तेव्हा प्रत्येक सूचकाचं नाव ताज्या यादीत स्वतः बघा, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक तिथूनच उतरवून घ्या. जुन्या यादीतले आकडे पुनरीक्षणात बदललेले असतात. क्रमांक लिहिताना झालेली किरकोळ चूक सहसा दुरुस्त होते, सूचकच बाहेरचा निघाला तर अर्ज जातो. एका मतदारसंघात चार अर्जांपर्यंत देता येतात आणि अनामत एकदाच भरायची असते. म्हणून निदान दोन संच करा, दोन्हींत सूचक वेगवेगळे. अंगठा उठवणारा सूचक असेल तर तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोरच उठवावा लागतो.

आता नमुना २६, म्हणजे शपथपत्र. नोटरीसमोर करता येतं. पॅन, पाच वर्षांच्या विवरणपत्रांतलं उत्पन्न, स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्जं, शिक्षण, सोशल मीडियाची खाती असं सगळं त्यात येतं. एकही रकाना कोरा सोडायचा नाही. काही नसेल तर ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. निदर्शनास आणूनही रकाना रिकामा राहिला तर अर्ज फेटाळता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच स्पष्ट केलंय.

कार्यकर्त्याची खरी परीक्षा गुन्ह्यांच्या रकान्यात. प्रलंबित केसेसमुळे उमेदवारी अडत नाही. साधारण नियम असा की दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तर अपात्रता येते, ती शिक्षा भोगून सुटल्यावर पुढची सहा वर्षं टिकते. काही ठरावीक गुन्ह्यांत कमी शिक्षाही पुरते. पण माहिती सगळी द्यावी लागते. आपल्याकडे मोर्चा म्हटला की महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७(१)(३) सह १३५, म्हणजे जमावबंदीचा आदेश मोडल्याची केस, ठरलेलं! एफआयआर क्रमांक, पोलीस ठाणं, कलमं, न्यायालय, दोषारोप निश्चित झालेत का आणि कधी, हे आठवणीवर लिहू नका. पोलीस ठाण्यातून, न्यायालयाच्या संकेतस्थळावरून काढा.

आणखी एक खाच आहे. ‘तेव्हा कबूल केलं, कोर्टात दंड भरला, विषय संपला,’ असं अनेक जण सांगतात. विषय संपला नाही. कबुली देऊन दंड भरला म्हणजे दोषसिद्धी झाली, ती त्या रकान्यात लिहावीच लागते. खोटं लिहिलं किंवा लपवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. शिवाय केस प्रलंबित असो वा दोषसिद्धी झालेली, ती माहिती प्रचाराच्या काळात तीन वेळा वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर जाहीर करायची असते, स्वतःच्या खर्चाने. लोकवर्गणीतून लढणाऱ्याला हे जाहिरातीचं बिल जड जातं, आधीच धरून ठेवा.

अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला ५,०००. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर ती जप्त. म्हणजे १,८०,००० वैध मतं पडली तर ३०,००० च्या वर जावं लागतं. नोटाची मतं यात धरत नाहीत.

निवडणूक खर्चाचं स्वतंत्र बँक खातं अर्जाच्या निदान एक दिवस आधी उघडलेलं हवं. फोटो तीन महिन्यांच्या आतला, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा. तो मतपत्रिकेवर छापला जातो, तेव्हा नेहमीची टोपी तेवढ्यापुरती काढा. चिन्हाचे तीन पर्याय पसंतीक्रमाने लिहा. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात उमेदवार धरून पाचच माणसं सोडतात, ढोल-ताशा शंभर मीटरच्या बाहेर.

अर्ज दिल्यावर लोक हार घालून घ्यायला पळतात आणि शपथ राहते. संविधानाशी निष्ठेची ही शपथ अर्ज दाखल केल्यानंतर, पण छाननीच्या तारखेआधी घ्यायची असते. छाननीच्या सकाळी घेतलेली चालत नाही. अर्ज दिला की तिथेच घ्या, प्रमाणपत्र मागून घ्या, कागदांच्या तपासणी सूचीची प्रतही. सूचीत त्रुटी दाखवली असेल तर ती छाननी सुरू होण्याआधी भरून काढता येते.

पैशांचं म्हणाल तर खर्चाची मर्यादा ४० लाख आहे, अपक्ष तिथवर क्वचितच पोचतो. अमेरिकेतला भाचा मदत करतो म्हणाला तर आधी त्याचा पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय नागरिक असेल तर बँकेमार्फत देऊ शकतो. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो पैसा विदेशी ठरतो आणि उमेदवाराला घेता येत नाही. अर्ज दाखल केल्यापासून निकालापर्यंतचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत द्यायचा असतो. हरलेल्यांनीसुद्धा. मांडववाल्याचं बिल, रिक्षावरच्या स्पीकरचं भाडं, सगळं. सबळ कारणाशिवाय तो दिला नाही तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.