अफू-गर्दची लघवीची टेस्ट: सॅम्पल द्यायच्या आधी हे वाचा

नमस्कार. आमच्याकडे ही टेस्ट करायला कधी आईवडील मुलाला घेऊन येतात, कधी पेशंट स्वतः व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येतो, आणि स्ट्रिप बघून निम्मे लोक उगाच घाबरतात म्हणून हे आधीच सांगून ठेवतोय.

स्ट्रिपवर दोन रेघा आल्या तर निगेटिव्ह, फक्त सी ची (कंट्रोलची, म्हणजे स्ट्रिप नीट चालली हे दाखवणारी) एकच रेघ आली तर पॉझिटिव्ह. प्रेग्नन्सी किटच्या अगदी उलट. लघवीत ड्रग असलं की ते स्ट्रिपमधल्या अँटिबॉडीला आधीच जाऊन चिकटतं, मग टी ची (टेस्टची) रेघ उमटायला काही उरतच नाही. टी ची रेघ पुसट असली तरी ती रेघच, म्हणजे निगेटिव्ह.

साधी मॉर्फिनची स्ट्रिप गर्द (हेरॉइन), अफू, कोडीन हे साधारण दोन-तीन दिवस पकडते. ट्रामाडॉल, फेंटानिल, मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन ही अफूसारखंच काम करणारी औषधं तिच्यावर दिसत नाहीत, त्यांच्या स्ट्रिप वेगळ्या, म्हणून निगेटिव्ह आली म्हणजे काहीच घेतलं नाही असं समजू नका.

आता उलटी बाजू. खोकल्याच्या कोडीनवाल्या औषधाने स्ट्रिप पॉझिटिव्ह येते, लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकनेही कधीकधी येते. आणि हो, खसखशीने सुद्धा! अफूच्याच बोंडातलं बी ते, दिवाळीत भरपूर अनारसे खाल्ले असतील तर आवर्जून सांगा. अमेरिकेत सरकारी नोकरीच्या टेस्टची मर्यादा १९९८ मध्ये मिलिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमवरून २००० केली ती मुख्यतः ह्याच भानगडीमुळे. त्यामुळे गेल्या आठवडाभरातल्या सगळ्या गोळ्या-औषधांची पाकिटं घेऊनच या, नावं आठवत बसू नका.

पॉझिटिव्ह स्ट्रिपवरून कोणालाही व्यसनी ठरवू नका प्लीज. तेच सॅम्पल मास स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवता येतं, तिथे नेमकं कुठलं ड्रग ते कळतं. गर्द घेतली असेल तर सिक्स-एमएएम नावाचा पदार्थ सापडतो जो फक्त गर्दमुळेच तयार होतो, पण तो एका दिवसात निघून जातो, म्हणून उशीर करू नका.

येताना बाटलीभर पाणी पिऊन येऊ नका, लघवीतलं क्रिएटिनिन (शरीरातून नेहमी बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) डेसिलिटरमागे २० मिलिग्रॅमच्या खाली गेलं की सॅम्पल पातळ धरतात आणि पुन्हा यावं लागतं. सॅम्पल इथेच द्यायचं, ताजी लघवी ३२ ते ३८ डिग्री असते ते आम्ही लगेच बघतो.

अठरा वर्षांवरच्या मुलाचं सॅम्पल घरून गुपचूप आणलंत तर आम्ही घेत नाही. त्याला सोबत आणा, त्याच्याशी आम्ही शांतपणे बोलू, रिपोर्ट त्याच्याच हातात देऊ.