अझोला शेवाळ नाही, शेवाळ त्याच्या आत असतं

पावसाळ्यात मामाकडे कोकणात गेलो होतो तेव्हा भाताच्या खाचरात बांधाला लागून हिरवा थर साचलेला दिसला. मामा म्हणाला, "अरे शेवाळ आहे ते, दरवर्षी येतं." मी ओंजळभर उचलून बघितलं तर शेवाळ नव्हतंच, अझोला होता. आणि अझोला हे नेचं आहे, म्हणजे पावसात घाटातल्या दरडीवर जी हिरवी झालर लोंबते ना त्याच घराण्यातलं, फक्त नखाएवढं आणि पाण्यावर तरंगणारं.

ओळखायला सोपं आहे. पांढऱ्या ताटलीत पाणी घ्या, त्यात त्या हिरव्या थरातला चिमूटभर भाग टाका आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. शेवाळ असेल तर बोटाला बुळबुळीत लागतं, त्याला पान-मूळ काही नसतं. डकवीड (पाण्यावर तरंगणारी दुसरी एक बारीक वनस्पती) असेल तर गुळगुळीत लंबगोल टिकली दिसते, ते खरं तर फुलझाड आहे. साल्व्हिनिया हे दुसरं तरंगणारं नेचं, त्याची पानं मोठी आणि त्यांच्यावर उभे केस. अझोलाचं मात्र छोटं त्रिकोणी झाड दिसतं, मधे एक दांडी, तिला दोन्हीकडे फांद्या, आणि फांद्यांवर मिलिमीटरभर पानं एकावर एक अशी बसवलेली की कौलारू छपरच वाटतं. वरून पाण्याचा थेंब टाकला तर गोळी होऊन घरंगळतो, बोटाने दाबून बुडवलं तरी कोरडंच वर येतं. आता त्याला उलटं करा. आपल्याकडच्या अझोला पिनाटाचं मूळ पाण्यात पिसासारखं दिसतं, कारण त्याला बाजूने बारीक केसांसारखे फाटे असतात. शेतकऱ्यांकडे जे कल्चर (वाढवायला घेतलेलं अझोलाचं विरजण) फिरतं त्यात मायक्रोफिला नावाची अमेरिकेकडची जात पण असते, तिची मुळं साधी दोऱ्यासारखी, त्यामुळे मूळ बघितल्याशिवाय जात सांगू नये. (अगदी पक्कं करायचं तर बीजाणू बघावे लागतात, पिनाटाच्या मोठ्या बीजाणूवर ९ तरंगे (तरंगायला मदत करणारे फुगीर भाग) असतात आणि अमेरिकन गटात ३, पण त्याला मायक्रोस्कोप लागतो आणि मुळात बीजाणू सापडायला नशीब लागतं.)

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. अझोलाच्या प्रत्येक पानाचे दोन भाग असतात, खालचा पातळ पारदर्शक भाग पाण्यावर टेकतो आणि वरच्या हिरव्या जाड भागात एक पोकळी असते. त्या पोकळीत ॲनाबीना नावाच्या नीलहरित शेवाळाच्या मण्यांच्या माळा राहतात, म्हणजे मामाचं अर्धं बरोबरच होतं, फक्त हे 'शेवाळ' पण मुळात बॅक्टेरिया आहे. हवेतला नायट्रोजन पकडून त्याचा अमोनिया करायचा हे त्याचं काम, पण ते करणाऱ्या एन्झाइमला ऑक्सिजन चालत नाही, लगेच बिघडतं, आणि प्रकाशसंश्लेषणात तर ऑक्सिजनच बाहेर पडतो, मग करायचं काय? तर माळेतले काही मणी जाड भिंत करून घेतात आणि स्वतःचं ऑक्सिजन बनवणंच बंद करतात, त्यांना हेटेरोसिस्ट म्हणतात. मोकळं जगणाऱ्या ॲनाबीनात असे मणी साधारण ५ ते १० टक्के, पण अझोलाच्या जुन्या पानात २० ते ३० टक्के, कारण साखर नेचं पुरवतं आणि त्याने फक्त खत बनवायचं.

अझोलाच्या शेंड्यावर ॲनाबीनाची एक छोटी वस्ती कायम असते, नवीन पान फुटलं की तिथले केस त्यातल्या काही माळा पोकळीत ओढून घेतात. बीजाणू तयार होताना सुद्धा त्याच्या टोपीखाली थोडं ॲनाबीना बांधून दिलं जातं. घरचं विरजण पुढच्या दह्याला लावावं तसं हे एका पिढीकडून दुसरीकडे जातं, बाहेरून कुठून आणावं लागत नाही. आणि इतकी वर्षं आयतं मिळाल्यामुळे त्या ॲनाबीनाची कितीतरी जनुकं मोडून पडलीत, २०१० मध्ये त्याचा जीनोम वाचला तेव्हा हे स्पष्ट दिसलं. आता ते नेच्याबाहेर एकटं जगूच शकत नाही.

हवेतल्या नायट्रोजनचं हे आयतं खत पिकाला मिळावं म्हणूनच भातात अझोला वाढवून चिखलात गाडतात, चीन आणि व्हिएतनाममध्ये तर शेकडो वर्षांपासून.

पण "गाई-म्हशींना अझोला खायला घाला, दूध दुप्पट" असे जे व्हिडिओ फिरतात त्यांना भुलू नका. ताज्या अझोलात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, किलोभर ओला अझोला वाळवला तर ५०-७० ग्रॅम उरतो आणि त्यात प्रथिनं साधारण १२-१५ ग्रॅम, म्हणजे दोन-अडीच अंड्यांइतकी. चांगला पूरक चारा आहे, जादू नाही.

आणि थंडीत तळं लालभडक झालं की देवीचा कोप, अपशकुन असलं काही मानू नका. ते पाणी लाल झालेलं नसतं, जवळ जाऊन बघा, पानं लाल झालेली असतात. थंडी, कडक ऊन किंवा फॉस्फरस कमी पडला की अझोला लाल रंगद्रव्य बनवतो. मामाच्या गोठ्यामागच्या टाकीत पण डिसेंबरात असंच झालं, थोडं शेणपाणी घातलं आणि वर सावलीला जाळी बांधली, तर नवीन फुटवे हिरवे आले, जुनी पानं मात्र लालच राहिली.