रीफ टँकमधले नायट्रेट: काढण्यापासून घालण्यापर्यंत

रीफ टँकच्या, म्हणजे जिवंत प्रवाळे (कोरल) ठेवलेल्या खाऱ्या मत्स्यटाकीच्या, पाण्यात नायट्रेट किती असावे, या प्रश्नाला आज दोन उलटी उत्तरे मिळतात. एक म्हणते, जितके शून्याजवळ तितके चांगले. दुसरे म्हणते, शून्य दिसले तर बाटलीतून घाला. दोन्ही सल्ले जाणकारच देतात आणि दोन्ही आपापल्या काळात बरोबर ठरले आहेत. त्या त्या काळात टँकला फिल्टर कोणता होता, खडक कुठून येत होता आणि कोरल कोणती ठेवली जात होती, यावर सारे अवलंबून होते. पुढे सल्ला तेवढा उरला आणि ज्या उपकरणांसाठी तो दिला होता ती मागे पडली. घोळ तिथे आहे.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. इंग्लंडमध्ये १८४५ साली काचेवरचा कर उठला. १८४६ मध्ये दक्षिण किनाऱ्यावरची दगडी प्रवाळे लंडनमधल्या घरात आणून जगवली गेली. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते रोज एका भांड्यातून दुसऱ्यात ओतले जाई. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. त्यापुढची शंभर वर्षे घरगुती खारा टँक फारसा पसरला नाही. धातूच्या चौकटी खाऱ्या पाण्यात गंजत, आणि पाण्यात उतरलेले तांबे-जस्त बिनकण्याच्या जीवांना मारत असे. सिलिकॉनने जोडलेला पूर्ण काचेचा टँक आणि पिशवीतून मिळणारे तयार मीठ, या दोन गोष्टी १९६० च्या दशकात हाताशी आल्या आणि समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनाही हा छंद खुला झाला.

त्या काळचा फिल्टर म्हणजे तळाची छिद्रांची प्लेट, वर ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचा कोरलचा चुरा आणि कोपऱ्यात हवेवर चालणारी नळी. सजावटीला ब्लीच करून पांढरेशुभ्र केलेले कोरलचे सांगाडे. माशांच्या विष्ठेतून येणारा विषारी अमोनिया आणि त्यापासून होणारे नायट्राइट यांचा बंदोबस्त ही व्यवस्था चोख करत असे, पण त्यांच्यापासून शेवटी बनणारे नायट्रेट साचत जाई. पाणी बदलून ते किती आवरते, याचा हिशेब सोपा आहे. महिन्याला २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) भर पडत असेल आणि महिन्यातून एकदा २५ टक्के पाणी बदलले, तर आकडा बदलाआधी ८० आणि बदलानंतर ६० वर स्थिरावतो, त्याखाली जात नाही. मासे हे सोसतात. कोरल त्या टँकमध्ये नसतच, असली तरी काही महिन्यांची सोबत. याच सुमारास जकार्तामध्ये समुद्रातून आणलेला जिवंत खडक (जिवाणू आणि सूक्ष्मजीव वसलेला), ऊन आणि हवेचे मोजके बुडबुडे एवढ्यावर कोरल जगवल्याची माहिती प्रसिद्ध झाली होती. ती वाचून अनेकांनी नक्कल केली. ज्यांच्याकडे खडक प्रवासातच कुजून पोचला त्यांचे टँक कोसळले, आणि पद्धत बेभरवशाची ठरवून बाजूला टाकली गेली. पुढची वीस वर्षे त्यात गेली.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर युरोपातला ठिबक मनोरा अमेरिकेत पोचला आणि १९८६ पासून तिथल्या मासिकांतून घरोघर गेला. टँकच्या कडेवरून सांडणारे पाणी आधी स्पंजमधून, मग छिद्रांच्या प्लेटवरून प्लॅस्टिकच्या बायोबॉलवर ठिबकते, खाली संपमध्ये (टँकखालच्या टाकीत) जमते आणि पंपाने परत वर जाते. गोळे पाण्यात बुडलेले नसतात, त्यामुळे जिवाणूंना हवेतला ऑक्सिजन भरपूर मिळतो. अमोनिया काढण्याच्या बाबतीत याहून तेज फिल्टर घरगुती टँकने तोवर पाहिलेला नव्हता. मऊ कोरल आणि मशरूम कोरल यात खरोखर जगू लागली. अॅक्रोपोरासारखी दगडी कोरल मात्र टिकत नव्हती. नायट्रेट वाढत राहणे हे एक कारण. दुसऱ्याकडे कमी लक्ष गेले: नायट्रिफिकेशनमध्ये, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट होताना, आम्ल तयार होते, ते अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता) खाते, आणि ती भरून काढण्याची सोय या व्यवस्थेत नव्हती.

ती सोय जर्मनीतून आली. जिथे ती आकाराला आली त्या शहरावरून तिला बर्लिन पद्धत म्हणतात: भरपूर लाइव्ह रॉक (जिवंत खडक), ताकदवान स्किमर (फेसासोबत घाण बाहेर काढणारे यंत्र), मेटल हॅलाइड दिव्यांचा प्रकाश आणि उडालेल्या पाण्याच्या जागी चुन्याची निवळी. एक लिटर आरओ पाण्यात सुमारे १.५ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळते. ढवळून झाकून ठेवायचे, गाळ बसू द्यायचा आणि वरचे नितळ पाणी रात्री थेंबथेंब सोडायचे. रात्री अशासाठी की तेव्हा टँकचा पीएच सर्वांत खाली असतो आणि निवळीचा असतो १२.४ च्या आसपास. धार लागली तर पीएच उसळतो, पाणी दुधाळ होते आणि द्यायला निघालेले कॅल्शियम चुनखडी होऊन तळाशी बसते.

इथून १९९० च्या दशकातला मोठा वाद सुरू झाला: बायोबॉल काढायचे की ठेवायचे? काढणाऱ्यांचे म्हणणे, हा नायट्रेटचा कारखाना आहे. ठेवणारे म्हणत, नायट्रोजन खाद्यातून येतो, गोळे तो निर्माण करत नाहीत, मग ते काढून आकडा कसा उतरेल? रसायनाच्या हिशेबात ठेवणाऱ्यांचे बरोबर होते. तरीही गोळे काढलेल्या टँकमध्ये नायट्रेट उतरत होते, आणि त्याचे कारण जागेत आहे. खडकाच्या पृष्ठभागावर तयार झालेले नायट्रेट काही मिलिमीटर आत झिरपले की ऑक्सिजन नसलेल्या थरात पोचते आणि तिथले जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करतात. मनोऱ्यात तयार झालेले नायट्रेट थेट मोकळ्या पाण्यात येते. गोळ्यांवर साचलेला गाळ सडत राहतो, ती भर वेगळीच. म्हणजे निर्णय योग्य होता, सांगितले गेलेले कारण अर्धेच होते. आणि याच अर्ध्या कारणातून ‘नायट्रेट म्हणजे घाण’ ही समजूत पक्की झाली, जी पुढे महागात पडली.

आजही जुन्या टँकमधून गोळे काढायचे असतील तर एका दिवसात उपसू नयेत. आधी १०० लिटरला १२ ते २५ किलो या प्रमाणात मुरलेला (जिवाणू बसलेला) खडक असल्याची खात्री करावी, मग दर आठवड्याला एक चतुर्थांश गोळे काढावेत आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अमोनिया तपासावा. तो दिसला तर पुढचा टप्पा थांबवावा.

मोनॅकोत विकसित झालेली वाळूखालच्या पोकळीची पद्धत आणि नंतरचा १० ते १५ सेंटिमीटर बारीक वाळूचा थर, हे दोन्ही ऑक्सिजन नसलेल्या थरात नायट्रेटचा वायू करण्याच्या त्याच तत्त्वावर चालतात. वाळू जुनी झाली की तिच्यात फॉस्फेट साठतो, आणि थर उकरला तर हायड्रोजन सल्फाइड सुटून एका रात्रीत टँक जाऊ शकतो. म्हणून खोल वाळूची लाट ओसरली.

२००० नंतर अॅक्रोपोराचे रंग हेच ध्येय झाले. स्किमर मोठे झाले, लोह ऑक्साइडचे दाणे फॉस्फेट शोषू लागले, अमोनिया शोषणारे झिओलाइट खनिज आले आणि पाण्यात वोडका घालण्याची पद्धत आली. वोडकातला कार्बन खाऊन जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट उचलतात आणि स्किमर त्या जिवाणूंनाच बाहेर काढतो. ४० टक्के अल्कोहोलची वोडका सुमारे १०० लिटरला रोज ०.१ मिलीने सुरू करायची, तीन दिवसांनी ०.२, मग आठवड्या-आठवड्याने थोडी वाढवायची आणि आकडे उतरले की मात्रा निम्मी करायची. घाई केली तर जिवाणूंची लाट येऊन पाणी धुरकट होते, रात्री ऑक्सिजन पडतो आणि सकाळी मासे मेलेले सापडतात.

या काळाचा आधार असा: नैसर्गिक रीफवरच्या पाण्यात नायट्रेट साधारण ०.२ पीपीएमच्या खाली आणि फॉस्फेट ०.०३ च्या आसपास किंवा कमी, तेव्हा टँकमध्येही तसेच हवे. आकडे खरे आहेत, अर्थ चुकीचा काढला गेला. पाण्यात विरघळलेले नायट्रेट म्हणजे त्या क्षणी उरलेले, खाल्लेले नव्हे. रीफवरून दिवसरात्र प्लवक वाहत असतो, माशांचे मोठे थवे तिथेच खातात आणि तिथेच विष्ठा टाकतात. कोरलला अन्न मिळत राहते, फक्त पाण्यात काही उरत नाही. टँकमध्ये उरलेले शून्य केले आणि येणारेही जेमतेम ठेवले, तर कोरलच्या पेशींतले शेवाळ घटते. फिकट, पेस्टल रंग दिसतात, लोकांना ते आवडलेही. त्यातले पुष्कळसे उपासमारीचे रंग होते. त्यातच अल्कलिनिटी १० ते ११ डीकेएच (ती मोजण्याचे एकक) ठेवली की सांगाडा वाढतो आणि त्याला झाकायला ऊती पुरत नाही. फांद्यांची टोके पांढरी पडून जळाल्यासारखी दिसतात, आणि दोष प्रकाशाला दिला जातो.

गुणोत्तराचा गोंधळही याच काळातला. समुद्री प्लवकात नायट्रोजन आणि फॉस्फरस १६ ला १ असतात, म्हणून टेस्टवरचे आकडेही १६ ला १ ठेवा, असे सांगितले जाते. ते गुणोत्तर अणूंचे आहे. नायट्रेटचा रेणुभार ६२ आणि फॉस्फेटचा ९५ धरून वजनात बदलले तर ते १०.४ ला १ होते. शिवाय काही मोजयंत्रे फॉस्फेट न दाखवता फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्ज भागांत किती) दाखवतात, त्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागावे लागते. ३० आकडा दिसला तर फॉस्फेट ०.०९ पीपीएम आहे, ०.०३ नव्हे. तसेही या गुणोत्तराच्या मागे धावण्यात अर्थ नाही. दोन्हीपैकी एकही तळाला जाऊ नये, एवढे पाहणे पुरते.

शून्याचा हट्ट मोडला तो डायनोफ्लॅजेलेट्स (डायनो) या एकपेशीय सूक्ष्मजीवांनी. तपकिरी, चिकट, बुडबुडे अडकलेले धागे वाळूवर आणि खडकावर पसरतात, रात्री ओसरतात, दुपारपर्यंत परत येतात, गोगलगायी मरू लागतात. २०१० नंतर हे वाढण्यामागे खडकाचा वाटा मोठा आहे. समुद्रातून खडक काढण्यावर निर्बंध येत गेले, फिजीने निर्यात बंद केली, इंडोनेशियाने २०१८ मध्ये कोरलची निर्यात थांबवली, आणि बहुतेक नवे टँक कोरड्या खडकावर सुरू होऊ लागले. नको असलेले खेकडे आणि एप्टेशिया (भराभर पसरणारे समुद्रफूल) त्यामुळे टळले, पण जागेसाठी झगडणारे शेकडो प्रकारचे जिवाणू आणि सूक्ष्म शेवाळही आले नाही. मोकळी जागा आणि रिकामे पाणी, यात डायनोंना अडवणारे कोणी उरले नाही. वर कोरडा खडक स्वतःच फॉस्फेट शोषतो.

उपाय करण्याआधी ४०० पट सूक्ष्मदर्शकाखाली थेंब पाहावा. थेंबाच्या आकाराच्या पेशी एका जागी बांधल्यासारख्या गरगर फिरत असतील तर तो ऑस्ट्रिऑप्सिस. तो रात्री पाण्यात उतरतो, म्हणून टँकमधूनच पाणी घेणारा यूव्ही दिवा त्याच्यावर चालतो. वाळूवरून सरपटणारा मोठा अॅम्फिडिनियम वाळू सोडत नाही, त्याच्यावर यूव्ही वाया जातो. तिथे सिलिकेट घालून डायटम हे सूक्ष्म शेवाळ वाढवतात, जे त्याची जागा घेतात. दोन्ही प्रकारांत नायट्रेट आणि फॉस्फेट मात्र वर आणावेच लागतात. १३७ ग्रॅम शुद्ध सोडियम नायट्रेट आरओ पाण्यात विरघळवून एक लिटर द्रावण केले की त्याचा १ मिली १०० लिटरमध्ये १ पीपीएम नायट्रेट वाढवतो. ट्रायसोडियम फॉस्फेटचे बारा रेणू पाणी असलेले स्फटिक ४ ग्रॅम एक लिटरमध्ये घेतले तर ५ मिलीने १०० लिटरमध्ये ०.०५ पीपीएम वाढ होते. कोरड्या खडकाच्या टँकमध्ये हा फॉस्फेट पहिले काही आठवडे दुसऱ्या दिवशी गायब दिसेल. तो खडकात जातो आहे, म्हणून मात्रा दुप्पट करू नये, रोज मोजून तेवढीच द्यावी.

सध्या बहुतेक अनुभवी लोक नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ आणि अल्कलिनिटी ७.५ ते ८.५ डीकेएच या पट्ट्यात थांबले आहेत. कोरड्या खडकासोबत जुन्या, निरोगी टँकमधला थोडा खडक किंवा मूठभर वाळू घालण्याची प्रथाही परत आली आहे. वाद उरला आहे तो आधीच कमी आकड्यांवर रुळलेल्या जुन्या टँकचा. तिथे कोरल वाढत असतील, टोके शाबूत असतील आणि मासे पोटभर खात असतील, तर टेस्टमध्ये शून्य दिसते म्हणून बाटली उघडू नये. बदल करायचाच असेल तर आधी खाद्य वाढवावे, आणि अल्कलिनिटी दिवसाला ०.५ डीकेएचपेक्षा जास्त हलू देऊ नये.